घागरीचा फेरफटका

टण्ण!

घरात सगळं चिडीचूप होतं. दुपारची वेळ. सासूबाई ओसरीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, बाळ साडीच्या झोळीत, ईशू चटईवर. मी फडताळातल्या डब्याचं झाकण इतक्या हळू उघडत होते की खुद्द डब्यालाही कळू नये. पण स्टीलच्या डब्याला माणसाच्या अब्रूची काय पर्वा? झाकण निसटलं, फरशीवर आपटलं आणि गोल गोल फिरत, वाजत, थेट ईशूच्या उशाशी जाऊन थांबलं.

"आई, काय खातीस?"

तोंडात डिंकाचा अख्खा लाडू असताना "काही नाही" म्हणता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणायला गेले तर शब्दाच्या आधी खोबऱ्याचा कीस बाहेर आला. ईशूने तो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि झाकण उचलून माझ्या हातात दिलं. सहा वर्षांची पोर, पण त्या वेळी माझी सासू वाटली.

लाडू बाळंतिणीचे होते. सासूबाईंनी केले होते, माझ्यासाठीच. त्यामुळे चोरी म्हणावी तर चोरी नव्हती. फक्त बाळाला खालचे दोन दात आले होते आणि माझं बाळंतपण काही संपत नव्हतं. शिवाय बीडच्या डॉक्टरांनी साखर, मैदा, तळलेलं आणि गोडधोड सगळं बंद करायला सांगून आठवडाही झाला नव्हता.

मला चक्कर येत होती म्हणून गेलो होतो. मला वाटलं, रक्त कमी असेल. आमच्याकडे बायकांना काहीही झालं तरी रक्त कमीच असतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मला काट्यावर उभं केलं, आणि काटा माझ्या नवऱ्याला दिसू नये म्हणून मी पदर पुढे ओढला. जणू काटा पदराआड गेला की वजनही जाणार होतं. डॉक्टर म्हणाले, "साखर काठावर आहे. अजून आत आलेली नाही, पण उंबऱ्यावर उभी आहे. खाणं आवरा आणि रोज चाला. उन्हाळा सरताना पुन्हा बघू, नाही उतरली तर गोळ्या सुरू."

"चालायचं कुठं?" मी विचारलं.

"कुठंही," ते म्हणाले.

बीडला ठीक आहे. शिरूरला 'कुठंही' नावाची जागा नाही. आमच्याकडे माणूस पाण्याला जातो, शेळ्यांमागे जातो, बसला जातो, मयतीला जातो. नुसतं चालायला कुणी जात नाही. त्यातून दुष्काळाचं साल. सिंदफणेच्या पात्रात क्रिकेट चाललेलं, टँकर येईल त्या दिवशी गावाची निम्मी बायकामाणसं रांगेत, आणि अशात मी अंगावरची चरबी जिरवायला निघणार!

घरी आल्यावर मी नवऱ्याला, म्हणजे रामहरींना, एकच गोष्ट बजावली. "माझ्या आईला कळता कामा नये."

"कावून? चोरी केली का तू?"

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणाले.

त्यांना खरंच कळलं नसतं. माझे आई-वडील दरसाल दसरा झाला की ऊस तोडायला जातात. मीही लहानपणी त्यांच्याबरोबर जात होते. उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, राहायचं, उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढायचं, आणि गावी परतलं की उन्हाळाभर पाण्यामागे हिंडायचं. तेव्हा माझ्या अंगावर मांस म्हणून नव्हतं. शाळेतल्या पोरी मला टिपरी म्हणायच्या.

माझ्या लग्नाच्या वेळी बायडाबाईने, म्हणजे माझ्या आईने, मुलाची जमीन विचारली नाही. मुलगा दूध सोसायटीत सेक्रेटरी आहे म्हटल्यावर पगारही विचारला नाही. ती म्हणाली, "बोअर चालू करून दावा." सासऱ्यांना वाटलं चेष्टा आहे. तेव्हा ते होते. त्यांनी हसत हसत मोटार चालू केली. आईने पाइपाच्या तोंडाखाली हात धरला आणि धरूनच ठेवला. पाहुण्यांचा चहा झाला, पोहे झाले, मानपानाची बोलणी झाली, तरी ती तिथेच. धार तुटते का, गढूळ येते का, बघत. शेवटी ओला हात माझ्या तोंडावरून फिरवला आणि म्हणाली, "दिली."

तेव्हापासून मी पाणी वाहिलेलं नाही. बोअर अजून रडत-कढत का होईना चालू आहे आणि अगदीच आटलं तर रामहरी सोसायटीतून कॅन भरून गाडीवर आणतात. मी बसले. बसून खाल्लं. आणि खाल्लं तेही कसं? कोपीत वाढलेली पोर आहे मी, ताटात उरलेलं मला टाकवत नाही. ईशूने अर्धी पोळी ठेवली की ती माझी. बाळाचा शिरा उरला की माझा. रामहरी डब्यातली भाकरी परत आणतात, तीही मीच संपवते. घरात खरकटं शिल्लक राहत नाही याचा मला अभिमान होता. खरकट्याची बादली कुठं ठेवली आहे ते मात्र मला आरशात दिसत नव्हतं.

आईला दिसत होतं, आणि ती खूश होती. माझ्या बांगड्यांचं माप वाढलं हे मी फोनवर बोलून गेले, तर तिने फडातल्या सगळ्या टोळीला गूळ वाटला. मुकादमाच्या मोबाइलवर माझा फोटो मागवून घेतला आणि बायकांना दाखवला. "ही माझी आशामती. दंड बघा तिचे. बसून खाती." त्या दुष्काळात माझ्या आईचं एकच पीक आलं होतं, आणि ते मी होते. त्या पिकाला कीड लागली हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

तेव्हा माझ्यापुढे काम स्पष्ट होतं. साखर उतरवायची, आणि आईला पत्ता लागू द्यायचा नाही. लाडवाच्या डब्याचं झाकण पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उजाडताना घराबाहेर पडले.

पायात रामहरींनी आणून दिलेले पांढरे बूट, त्यावर नऊवारीइतकी फुगलेली सहावारी. आधी कुत्री मागे लागली. मग सोसायटीला दूध घालणारे भेटू लागले. एकाने गाडी थांबवली. "वैनी, कुठं सोडू?"

"नको भाऊ, चालते."

"आसं कसं? सेक्रेटरी काय म्हनतील मला? बसा."

आता नाही कसं म्हणायचं? बसले. त्याने मला फाट्यावर सोडलं, जिथे मला काहीही काम नव्हतं. तिथून परत वळले तर दुसऱ्याने थांबवलं. त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंनी किटल्या बांधलेल्या, मधे मी. अशा रीतीने पहिल्या दिवशी मी चालायला गेले आणि दोन गाड्यांवर बसून घरी आले. घाम आला होता, पण तो लाजेचा. आल्यावर भूक मात्र खऱ्या व्यायामाची लागली.

दुसऱ्या दिवशी नदीची वाट धरली. तिकडे गाड्या नसतात. तिकडे छबुबाई होती. ती आमच्या मागच्या गल्लीत राहते, डोक्यावर हंडा, काखेत घागर, झिऱ्यावरून येत होती. नदीत खड्डा करून पाझर गोळा करतात, तो झिरा. मला बघून जागीच थांबली, चेहरा उतरला.

"काय झालं गं बाई? कुनाचं बरं-वाईट झालं का?"

"कुठं काय?"

"मंग येवढ्या सकाळी हात हालवीत कुठं चाललीस?"

"चालायला."

"चालायला म्हंजी?"

"असंच. चालायला."

तिने हंड्यासकट मान वळवून माझ्या बुटांकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. शेवटी फार मायेने म्हणाली, "सासूसंगं वाजलं आसंल तर माझ्याकडं ये. बस जरा. आशी रानात हिंडू नको."

तिसऱ्या दिवशी मी घागर घेतली. रिकामी, प्लास्टिकची, काखेत. आणि काय सांगू! कुत्री गप्प, गाड्या गप्प, बाया गप्प. बाईच्या काखेत घागर असली की ती कुठं चालली हे कुणी म्हणता कुणी विचारत नाही. तिला जगात कुठंही जायची परवानगी असते. डॉक्टरांचं 'कुठंही' मला सापडलं होतं. मी नदी ओलांडून, कोरड्या बंधाऱ्याला वळसा घालून येऊ लागले. आठवड्याभरात परकराची नाडी आधीपेक्षा लांब उरायला लागली आणि मी स्वतःला फार हुशार समजू लागले.

पण जाताना रिकामी घागर शोभते, येताना शोभत नाही. एकदा परत येताना झिऱ्यावरच्या बायांनी हटकलं. "मिळालं न्हाई का गं कुठं?" मी गडबडून "नाही" म्हणाले. तर छबुबाईने आपला हंडा वाकवला आणि माझ्या घागरीत पाणी ओतलं. दुसरीनेही तांब्याभर घातलं. वाटीवाटीने भरलेलं पाणी ते. "राहू द्या, राहू द्या," मी म्हणतेय आणि घागर भरतेय. दारात बोअर असलेली मी ते पाणी घेऊन घरी आले आणि न्हाणीत बसून राहिले. ओतताही येईना, पिताही येईना.

यावर मी काढलेला तोडगा ऐकाल तर मला वेड्यांच्या दवाखान्यात घालाल. मी दुसऱ्या दिवसापासून घरूनच घागर भरून निघू लागले. बोअरचं पाणी डोक्यावर घ्यायचं, मागच्या वाटेने निघायचं, बंधाऱ्याला वळसा घालायचा, आणि तेच पाणी घेऊन घरी यायचं. म्हणजे कुणी दया करायला नको. घरचं पाणी मी रोज फिरवून आणत होते. लोक कुत्रं फिरवतात म्हणे मोठ्या शहरांत.

सासूबाईंनी एकदा बघितलं. "पानी कुठं निघालं?" म्हणाल्या.

"वजन घेऊन चाललं की लवकर उतरतं," मी म्हणाले.

"आस्सं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या फार बोलत नाहीत.

बोललं ते गाव. सेक्रेटरीची बायको डोक्यावर पाणी वाहते, दोन लेकरांची आई, एक तर अंगावर पितं. कुणी म्हणालं बोअर आटलं, कुणी म्हणालं सासू वाहायला लावते. आमच्या गल्लीतल्या कुणाचा तरी भाऊ आईच्याच टोळीत होता. बातमी बीड, नगर ओलांडून उसाच्या फडात पोचली, आणि तिथे पोचेपर्यंत माझ्या डोक्यावर दोन हंडे झाले होते आणि पायात चप्पल उरली नव्हती.

एका दुपारी मी बाळाला भरवत होते, बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि दारात आई उभी. अंगात शर्ट, त्यावरच साडी खोचलेली, हातापायांवर उसाच्या पात्याचे ओरखडे. कोयता तसाच टाकून आली होती. वडील, म्हणजे हरिबा, एकटे मागे राहिले होते. जोडीतलं एक माणूस गेलं की दुसऱ्याचंही काम अडतं, आणि मुकादम खाडा लावून पैसे कापतो ते वेगळंच. हे सगळं ठाऊक असून आली होती.

तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. माझा दंड धरला, दाबला, फिरवून बघितला, बाजारात शेळी बघतात तसा.

"उतरलीस," ती म्हणाली. "हाडं निघाली माझ्या लेकराची."

माझ्या हाडांचा तिथून बराच आत मुक्काम होता. पण आईच्या डोळ्यांना कोण समजावणार?

"आई, आधी बस तरी."

"बसाया न्हाई आले मी. कुठं हाय तुझी सासू?"

सासूबाई, रुक्मिणीबाई, ओसरीत उठून बसल्या. "या विहीनबाई. कवा निघालता?"

"मानपान राहू द्या. आमी तिकडं पाचटात हाडं मोडतो ते कशापायी? लेकीनं पानी वाहू नये म्हनून. बोअरखाली हात धरून लेक दिली मी तुमच्यात. अन् तुमी तिच्या डोक्यावर घागर दिली व्हय?"

"म्या?" सासूबाईंनी पदर सावरला. "म्या कवा दिली? तिच्या तोंडून वदवा की म्या दिली."

"सून काय तोंडानं सांगती व्हय? आंग सांगतंय की तिचं! घास मोजून घालताव का तिला?"

आता सासूबाई लाल झाल्या. पाणी वाहायला लावलं हा आरोप त्यांनी ऐकून घेतला असता. पण उपाशी ठेवलं म्हणजे? त्या ओसरीवरून खाली उतरल्या, आईला हाताला धरून बसवलं आणि तिच्यासमोर मांडी घालून बसल्या.

"ऐका मंग. सकाळी उठली की कपभर च्या, आन् बिस्किटाचा पुडा. एकदा उघाडला की मिटत न्हाई हिच्यानं."

आईच्या चेहऱ्यावर थोडं समाधान आलं.

"मंग न्याहारी. आमच्यासंगं एक, आन् आमी उठल्यावर तव्यावरची राहिलेली. लेकराचा शिरा केला की कढई हीच पुसती. ईशीच्या ताटात उरलं, हिच्या पोटात. रामहरीच्या डब्यातलं, हिच्या पोटात. सायीचं भांडं घासायला टाकायच्या आधी बोटानं साफ."

"सासूबाई," मी म्हणाले.

"तू गप. माझ्यावर आळ आलाय. दुपारी मी पडले की डबा वाजतो. मला ऐकू येत न्हाई का? डोळं मिटून पडती मी, कान न्हाई मिटत. लाडू म्या महिन्याचे केलते, आठवड्यात बुड दिसलं. म्या काय म्हनले? काय न्हाई म्हनले. रातच्याला परत केले."

आई आधी ताठ बसली होती. मग तिचा हात हळूहळू गालावर गेला. लेक सुखात आहे हे तिला ऐकायचंच होतं, पण इतकं सुख तिने गृहीत धरलेलं नव्हतं.

"आगं," ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "येवढं?"

ईशू म्हणाली, "आजी, फरसाण राहिलं सांगायचं."

मला हसूही येईना आणि जमिनीत शिरावं म्हटलं तर तेवढं भोक पाडायला कुदळ लागली असती. बाळ माझ्या मांडीवर शिऱ्याचा गोळा हातात घेऊन आळीपाळीने तिघींकडे बघत होतं. आता लपवून काय राहिलं होतं? दोन चांगल्या बाया माझ्या खाण्यावरून एकमेकींचं तोंड बघायच्या बंद होणार होत्या.

"आई, मला कुणी पाणी वाहायला लावलेलं नाही," मी म्हणाले. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. रक्तात साखर निघाली. नुसतं चाललं की लोक विचारतात, म्हणून घागर घेते. घरचंच पाणी असतं. नेते आणि परत आणते."

सासूबाई म्हणाल्या, "साखर? मला कावून न्हाई सांगितलं? म्या लाडू करीत बसले नसते ना." आणि त्यांचे डोळे भरून आले. हे मला अपेक्षित नव्हतं.

आई वेगळ्याच विचारात होती. "साखर म्हंजी ती... कारखान्याच्या चेअरमन अर्जुनरावाला हाय ती? पोटात सुई घेतो ती?"

"तीच. पण मला अजून काठावर आहे."

"ती तर बंगल्यावाल्याची बिमारी हाय," ती म्हणाली. क्षणभर मला वाटलं, तिला यात थोडं मोठेपण वाटतंय की काय. ही बातमीसुद्धा टोळीला गूळ वाटून सांगेल. पण तिने माझ्या हातातलं बाळ घेतलं, त्याचं तोंड पुसलं आणि त्याच्याकडेच बघत विचारलं,

"मंग म्या तुला हितं दिली, ते चुकलं का गं आशे?"

हाच प्रश्न मला तिच्या तोंडून ऐकायचा नव्हता. त्यासाठीच तर मी पाणी फिरवत होते.

"नाही आई," मी म्हणाले. "तू पाणी बघितलंस, ते नीटच बघितलंस. तोंड माझं आहे ना, ते मी बघायचं होतं. बसून खाणं नव्हतं कधी आपल्यात. मला कुठं थांबायचं तेच माहीत नव्हतं."

"बसून खाऊ नको म्हनलं तर मी कशाला तोडते ऊस?" ती म्हणाली. मग स्वतःशीच, "खा. पर जरा हालत जा बाई."

सासूबाईंनी चहा ठेवला. त्या वेळी माझ्या कपात साखर घातली नाही. आईने आपल्या कपातला चमचाभर चहा मला चाखवला आणि लगेच जीभ चावली.

ती दोन दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घालत होते तर तीही उठली. "चल, बघू तुझं चालनं." घागर तिनेच उचलली, भरली, डोक्यावर घेतली.

"मला दे की. व्यायाम माझा आहे."

"मोकळ्या डोक्यानं मला चालता येत न्हाई. झोक जातो."

आणि निघाली. डोक्यावर पाणी, तरी मी मागेच. पायात बूट-बीट सगळं असून मी धापा टाकत होते. ती मधेच वाकायची, घागर न सांडता, काटकी उचलायची आणि काखेत धरायची. बंधाऱ्यापर्यंत तिच्या काखेत चुलीपुरतं सरपण झालं.

"आई, अगं आता घरी गॅस आहे."

"आसू दे. नुसतंच चालायचं म्हंजी पायांना खोटं बोलल्यावानी वाटतंय."

बंधाऱ्यावर बसलो. तिने माझे बूट मागितले, घातले, चार पावलं टाकली आणि काढून दिले. "ह्यात जमीन कळत न्हाई." तिच्या टाचांच्या भेगांत उन्हाळ्यातल्या शेतासारखी माती गेलेली होती. उठताना तिने दोन्ही हात जमिनीवर टेकले, गुडघा वाजला, आणि ती "आई गं" म्हणाली ते तोंड फिरवून. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मला चक्कर आली म्हणून आम्ही बीड गाठलं होतं. तिच्या गुडघ्यासाठी कुणी शिरूरचा दवाखानाही गाठला नव्हता, तिने स्वतःसुद्धा नाही. तिला कधी कुणी काट्यावर उभं केलं असेल का, मला आठवेना.

येताना मी घराकडे वळले, ती छबुबाईच्या दाराकडे. "भरून नेतीस अन् भरूनच आनतीस? येडी का खुळी?" म्हणत तिने घागर छबुबाईच्या रांजणात रिकामी केली. छबुबाईने मला विचारलं, "मिटलं का गं सासूसंगं?" मी हो म्हणून टाकलं. काही गोष्टी सांगत बसण्यापेक्षा पाणी देणं सोपं.

तेव्हापासून माझी वाट ठरली आहे. सकाळी बोअरची घागर, बंधारा, छबुबाईचा रांजण. सासूबाई डबे वरच्या फळीवर ठेवतात आणि मी स्टुलावर चढून काढते, तेवढाच आणखी व्यायाम. साखर उतरली का ते उन्हाळा सरताना कळेल. हे लिहिता लिहिता झोळीला दोनदा झोका दिला आहे, म्हणजे हातही अगदी बसलेले नाहीत.

आई आली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तिला एसटीवर सोडायला मी आणि ईशू गेलो. चालत. सासूबाईंनी वडिलांसाठीही भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता, आणि निघताना दोघी विहिणी दारात एकमेकींचे हात धरून बराच वेळ उभ्या होत्या. बसला उशीर होता. आईने ईशूला मांडीवर घेतलं, माझ्याकडे नीट न्याहाळून बघितलं.

"डागदर म्हनतो तसं उतर. पर लई उतरू नको," ती म्हणाली. "म्या आल्यावर वळखू आली पायजेस."

"बरं."

"आन् फडात काय सांगू? समद्या बाया इचारतील."

"सांग, बसून खाते."

"खाती अन् हिंडती म्हनते," ती हसली. बस आली. गर्दी होती. ती कडेवरचं गाठोडं सावरत चढली, खिडकीपाशी उभी राहिली. बसायला जागा मिळाली नाही. काचेआड तिचा हात दिसत होता, दांड्याला धरलेला, मनगटापासून कोपरापर्यंत दोरीसारखा. बस हलली तरी आम्ही उभ्याच होतो.

तीन दिवस घरात एकच विषय चालला होता, कोण किती खातं, कोण किती चालतं, कोण जाड, कोण बारीक, आणि ईशूने सगळं ऐकलं होतं. माझं बोट धरून तिने वर बघितलं.

"आई, तू लहानपणी आजीसारखी बारीक होतीस ना?"

"हो गं."

"मग बसायला मिळालं आणि जाड झालीस."

"हो."

"मग आजी कधी जाड होणार?"